पात्र आणि आशय

'पात्र' हा शब्द मराठीत तीन घरी नांदतो. नाटकातले पात्र, स्वयंपाकघरातले पात्र, आणि एखाद्या गोष्टीस 'पात्र' असलेला माणूस. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सात वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवताना मी यातील पहिल्या अर्थाविषयी पुष्कळ बोलले. २००९ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात आले आणि तिसऱ्या अर्थाशी गाठ पडली. माझा एच-फोर व्हिसा अवलंबितांचा होता. त्यावर शिकण्याची मुभा होती, कमावण्याची नव्हती. उत्तरपत्रिका तपासून इतरांना पात्र-अपात्र ठरवणारी मी स्वतः अपात्रांच्या यादीत जाऊन बसले. दुसऱ्या अर्थाचे पात्र मी पुढे दोन वर्षांनी स्वतःच्या हातांनी तयार केले. हे लेखन त्याविषयी आहे.

मिलवॉकी हे बिअरचे शहर. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी येथे तिचे कारखाने उभारले. त्यांतील श्लिट्झचा येथील कारखाना १९८१ साली बंद पडला, पॅब्स्टचा १९९६ साली. तळघरांतून मात्र ती विद्या टिकून राहिली आहे. आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ दर महिन्याला घरी बिअर करीत. पहिल्याच हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, मी त्यांच्या तळघरात नुसती बघायला म्हणून गेले. मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजत होते आणि त्यांचा वास थेट नाचणीचे सत्त्व शिजताना येतो तसा होता. बिअरची चव मला पुष्कळ उशिरा कळली. त्या दिवशी मला धरून ठेवले ते या वासाने.

शेजाऱ्यांनीच मला कायदा सांगितला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्यानुसार एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती, करमुक्त, तयार करता येते. विकता मात्र येत नाही. करा, पण त्यातून कमावू नका! माझ्या त्या वेळच्या अवस्थेला इतका नेमका लागू पडणारा दुसरा कायदा मला ठाऊक नव्हता.

सुरुवात प्लास्टिकच्या बादलीने झाली. जवाचा गोड काढा हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर उकळायचा, वीस अंशांपर्यंत झटपट थंड करायचा, त्यात यीस्ट सोडायचे आणि झाकण लावून दोन आठवडे थांबायचे. चौथ्या खेपेस सगळी बिअर आंबट झाली. बादली घासताना आत ओरखडे उठले होते. नजरेस न दिसणाऱ्या त्या चिरांत नको ते जिवाणू घर करून बसले, आणि कितीही धुतले तरी ते निघेनात. काचेचा बुधला फुटण्याची भीती. उरले स्टेनलेस स्टील. बाजारात तयार किण्वनपात्रे मिळत होती. पण स्वतःची कमाई शून्य असताना त्यांच्या किमती बघून माझे मन संकोचले. तेव्हा ठरवले की आपणच करू.

माझे वडील, अण्णा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत डेअरीची भांडी घडवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर होते. त्यांच्या कपड्यांना येणारा जळक्या धातूचा वास माझ्या लहानपणात सर्वत्र आहे. ही विद्या मात्र त्यांनी मला कधी शिकवली नव्हती. मला शिकवायचे होते पुस्तक. आता व्हिसाने दिलेली शिकण्याची मुभा वापरून मी तेथील तांत्रिक महाविद्यालयात वेल्डिंगच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले. विस्कॉन्सिन हे दुधाचेही राज्य आहे. बंद पडलेल्या एका डेअरीच्या लिलावात मला एक सरळसोट भांडे मिळाले, ३६ सेंटीमीटर व्यासाचे आणि ४० सेंटीमीटर उंचीचे. त्याचा तळ कापून तेथे शंकू जोडायचा होता. शंकूचा कोन ६० अंशांचा, कारण बिअर आंबून झाली की यीस्ट खाली बसते आणि उतार पुरेसा तीव्र असेल तरच ते घसरत टोकाशी येते. तेथील झडप उघडून तेवढाच गाळ काढून घेता येतो. या मापाच्या शंकूत साडेदहा लिटर मावतात, वरच्या भागात चाळीस. मला करायची होती दहा गॅलन, म्हणजे ३८ लिटर बिअर. उरलेली जागा फेसाची.

२०११ च्या ऑक्टोबरात मी ही जोडणी केली आणि ती फसली. बाहेरून सांधा देखणा दिसत होता. आत बोट फिरवले तर खरखरीत, करड्या पुळ्यांची रांग. त्या रात्री मी अण्णांना फोन केला.

"पाणी साठवायचं पिंप करतेय," मी म्हणाले. अण्णा माळकरी. आषाढीला पंढरपूरला पायी जाणारे. खरे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यांनी मापे विचारली. मी सांगितली. तळ कसा आहे, तेही सांगितले.

"पाण्याला निमुळता तळ कशाला गं?" ते म्हणाले. "गाळ बसवून खालनं काढायचा आसंल तरच आसा तळ करत्यात." मग थोडे थांबून, "काय आंबवतीयास?"

मी खरे सांगितले. पलीकडे इतकी शांतता झाली की फोन तुटला असे मला वाटले. मग त्यांनी विचारले, "आतनं आर्गन सोडला हुतास का?"

सोडला नव्हता. बाहेरून वेल्डिंग करताना आतला तापलेला धातूही हवेतील ऑक्सिजनपासून वाचवावा लागतो. भांड्याची तोंडे बंद करून आत आर्गन भरायचा. तो हवेपेक्षा जड, म्हणून खालून भरत येतो, तेव्हा हवा निघून जायला वर एक भोक ठेवायचे. हे सारे अण्णांनी सावकाश सांगितले. "दुधाला खाच लगीच घावती," ते म्हणाले. त्या द्रवाचे नाव त्यांनी एकदाही उच्चारले नाही.

मी सांधा कापून पुन्हा जोडला. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि गंजापासून रक्षण तोच करतो. वेल्डिंगच्या आचेने तो बिघडतो. म्हणून जोड घासून, सायट्रिक आम्लाने धुऊन तो पुन्हा धरू द्यावा लागतो. डिसेंबरात त्या पात्रात पहिली बिअर आंबली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीचे टोक बुडवलेल्या बरणीत बुडबुडे येऊ लागले, आणि मी पायरीवर बसून ते ऐकत राहिले.

वर्गात मी घाट आणि आशय या संज्ञा शिकवीत असे, आणि माझ्या बोलण्यातून घाट म्हणजे आशयावर चढवलेला कपडा असाच काहीसा समज विद्यार्थी घेऊन जात. 'आशय' या शब्दाकडे मी स्वतःच नीट पाहिले नव्हते. जलाशय, गर्भाशय, आमाशय: संस्कृतात आशय म्हणजे जेथे काही राहते ती जागा. आत जे आहे त्याला आणि ज्यात ते आहे त्याला भाषेने एकच नाव दिले होते. बव्हेरियातील १५१६ सालच्या आज्ञेत बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच सांगितले आहे. यीस्टचा उल्लेख नाही. बिअरवरचा पाश्चरचा ग्रंथ आला १८७६ साली. शतकानुशतके माणसे ज्याच्या जोरावर बिअर करीत होती त्या जिवाची त्यांना ओळख नव्हती. त्यांच्या हाती होते ते स्वच्छ भांडे, योग्य ऊब आणि थांबणे. शिकवण्याच्या कामात तरी आपल्या हाती याहून अधिक काय असते? आणि अण्णांनी तर समुद्रापलीकडून, न पाहता, केवळ घाटावरून आशय ओळखला होता. त्यांच्याइतका चांगला समीक्षक मला विद्यापीठात भेटला नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. मी पात्र आधीच रिकामे करून, धुऊन ठेवले होते. ते काठीच्या आधाराने तळघरात उतरले, झाकण काढले, गळ्यातली माळ भांड्याला लागू नये म्हणून एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताचे बोट आतल्या सांध्यावरून पूर्ण गोल फिरवले.

"दूध ठेवलं तरी चालंल," ते म्हणाले.

२०१५ साली नियम बदलला आणि पुढे मला कामाचा परवाना मिळाला. त्या कागदावर मी नोकरीस पात्र असल्याचे लिहिलेले आहे. तो मी फाईलमध्ये जपून ठेवला आहे. पण मला पात्रता मिळाली ती त्या दिवशी तळघरात, असेच मी मानते.