आधी दगड

मागच्या जुलैत काकांची पिकअप भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईला जाताना उतारावर बंद पडली. मागे हिरव्या मिरचीची पोती. उशीर झाला की भाव पडतो, म्हणून सगळ्यांनाच घाई. पुढे एक टेम्पो उभा केला आणि माझा चुलतभाऊ वाकून दोर बांधू लागला. मी स्टिअरिंगवर. पुण्यात कोड लिहिणारा माणूस, गिअर काढण्यात काय अवघड?

मी गिअर न्यूट्रलला टाकला.

गाडी हलली. हँडब्रेक ओढलेला होता, पण त्याची केबल ढिली. गाडीला खरं तर गिअरनेच धरलं होतं. गिअरमध्ये असताना चाकं बंद इंजिनाला जोडलेली असतात, सहज फिरत नाहीत. तो आधार मीच काढला. ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं. इंजिन बंद असलं की बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-चार दाबांतच संपतो, आणि ते आम्ही आधीच वापरून टाकले होते. दोन्ही पाय देऊन अक्षरशः उभा राहिलो तेव्हा गाडी थांबली. भावाचा गुडघा आणि टेम्पो यांत वीतभर अंतर होतं.

काका ओरडले नाहीत. पुढच्या दोन्ही चाकांसमोर दगड लावले आणि म्हणाले, "आरं, आधी दगड. मंग माणसं बाजूला. मंग गिअर." आणि चावी 'ऑन'वरच ठेव म्हणाले, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं.

डिसेंबरमध्ये पुण्यात, सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर माझ्या ऑटोमॅटिक गाडीची बॅटरी गेली. लिव्हर 'पी'मध्ये अडकला. 'पी'मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक दात चाकात अडकून गाडी धरतो. आणि ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर न सोडणारं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी गेली की कुलूप उघडत नाही. त्यासाठी लिव्हरजवळच्या छोट्या झाकणाखाली एक खटका असतो. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली वाकला.

"दादा, थांबा," मी म्हणालो, आणि विटा शोधायला गेलो.

तो हसला. मी चारही विटा लावल्या, हँडब्रेक करकचून ओढला, वॉचमन काकांना समोरून बाजूला व्हायला सांगितलं. मगच खटका दाबू दिला.

भाऊ आता बारावीला आहे. फोनवर अजून चिडवतो, "इंजिनिअर, दगड लावला का?"

लावतो रे.