अणू कोसळत का नाही?

वाचकहो, 'परीक्षेत न येणारे प्रश्न विचारून वेळ दवडू नये,' हा उपदेश आपणही कधी ना कधी ऐकला असेल. लखनौस गोमतीपलीकडे वसलेल्या गोमती नगरात राहणाऱ्या माझ्या भाचीस तो नुकताच एका अध्यापकांकडून ऐकावा लागला. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. तिचा प्रश्न एवढाच होता : गती बदलणारा विद्युतभार तरंगरूपाने ऊर्जा बाहेर टाकतो असे विद्युतचुंबकत्वाच्या तासाला शिकविले जाते, मग अणुकेंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रात कोसळत का नाही? त्या दिवसापासून भौतिकशास्त्र सोडून देण्याची भाषा तिच्या तोंडी आली आहे.

प्रश्न पोरकट मुळीच नाही. जुन्या नियमांनी हिशेब मांडला तर हायड्रोजनचा अणू सेकंदाच्या सुमारे दहा हजार कोटीव्या भागातच कोसळावयास हवा. म्हणजे आपण, हे मासिक आणि ते अध्यापक, कोणीच अस्तित्वात नसावयास हवे! १९१३ साली नील्स बोर यांनी ठरावीक पातळ्यांत इलेक्ट्रॉन ऊर्जा टाकतच नाही असे गृहीत धरले. ते एक प्रकारचे फर्मानच होते. कारण उमगले ते १९२५-२६ च्या सुमारास, पुंजयामिकीच्या जन्मानंतर. ('पुंज' म्हणजे ढीग, ऊर्जेच्या लहानात लहान वाट्यास हे नाव भाषांतरकार म्हणून मला नेहमीच खटकते.) इलेक्ट्रॉन ही केंद्राभोवती घिरट्या घालणारी गोटी नव्हेच. त्याला जितके लहान जागेत कोंडावे तितकी त्याची चळवळ वाढते, आणि या ओढाताणीत एक सर्वांत खालची पातळी ठरते. तिच्याखाली पायरीच नाही, कोसळणार कोठे?

हे मी तिला दूरध्वनीवरून सांगताच तिने दुसरा प्रश्न टाकला. "मामा, वरची पातळीही स्थिरच ना? मग तेथला इलेक्ट्रॉन आपणहून खाली का येतो?" रस्त्यावरील पिवळा सोडियम दिवा आपण पाहिलाच असेल. त्याचा प्रकाश म्हणजे असे खाली उतरणारे इलेक्ट्रॉनच. वरच्या पातळीवर ते सेकंदाच्या सुमारे सहा कोटीव्या भागाइतकेच टिकतात. त्यांना ढकलतो कोण? १९२७ मध्ये पॉल डिरॅक यांनी विद्युतचुंबकीय क्षेत्रासही पुंजनियम लावले. त्या नियमांनुसार गडद अंधारातसुद्धा क्षेत्र पूर्णपणे शांत नसते, आणि इलेक्ट्रॉन क्षेत्राशी जोडलेला असल्यामुळे वरची पातळी खऱ्या अर्थाने स्थिर राहतच नाही.

येथे मला एका मराठी माणसाची आठवण देणे भाग आहे. कोल्हापुरास १९३८ साली जन्मलेले आणि लखनौपासून सुमारे ३०० किलोमीटरवरील वाराणसीत वाढलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह १९६९ मध्ये याच प्रश्नास निराळे उत्तर दिले. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये स्वतंत्र क्षेत्राची कल्पनाच बाजूस सारून भारांची भारांवर थेट क्रिया मानली होती. निघालेला प्रकाश पुढे कधीतरी जेथे शोषला जाणार, तेथून येणारा प्रतिसादही त्यांनी हिशेबात धरला. हॉईल-नारळीकरांनी ही मांडणी पुंजयामिकीत नेली. इलेक्ट्रॉन खाली येतो तो साऱ्या विश्वाच्या प्रतिसादामुळे! बहुसंख्य शास्त्रज्ञ आजही डिरॅक यांचीच वाट धरतात, आणि मला वाटते त्यात गैर काही नाही. नारळीकरांच्या वाटेला विश्वाच्या भवितव्यासंबंधी अटी आहेत. परंतु गोमती नगरातील मुलीच्या प्रश्नावर केंब्रिजमध्ये वर्षानुवर्षे डोके चालविले गेले, एवढे तिच्या घरच्यांस कळावे म्हणून मी हे सविस्तर लिहून धाडले.

आईवडिलांचे उत्तर अद्याप आलेले नाही. तिचे मात्र दुसऱ्याच दिवशी आले : "विश्व पसरतच राहिले आणि प्रकाश शोषून घ्यावयास पुढे काहीच उरले नाही, तर दिवा लागेल का?"

नेमक्या याच अडचणीवर त्या दोघांनी पाने खर्ची घातली आहेत.