कृष्णाकाठची पोरं कुरटे बेटावर

"पण चढायचं कुठं?"

मालवणच्या जेटीवर उभं राहून आमच्या नऊ वर्षांच्या सातारकरानं विचारलं. प्रश्न रास्त होता. अजिंक्यतारा घराच्या गच्चीवरून रोज दिसतो, सज्जनगडाच्या पायऱ्या दोनदा मोजून झाल्यात. दम लागल्याशिवाय किल्ला आला असं तो मानत नाही. आणि इथं सिंधुदुर्ग समोर समुद्रात आडवा पसरलेला, लाटांपेक्षा जेमतेम उंच.

नाताळची सुट्टी होती. आम्ही साताऱ्याहून, नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन सांगलीहून, आणि गाठ कोल्हापुरात. तिथून राधानगरी, दाजीपूरचं जंगल आणि फोंडा घाट. घाटात धाकट्या भाच्याला मळमळलं, आवळासुपारीनं ते निभावलं. एका डब्यात भडंग, दुसऱ्यात कंदी पेढे. समुद्र दिसेपर्यंत दोन्ही डबे रिकामे झाले होते.

किल्ल्यावर जायला होडी. तारकर्लीच्या वाळूत मुलं दिवसभर रमतात हे खरं, पण वाळू कुठंही मिळते. पाण्यानं चारी बाजूंनी वेढलेली जमीन पायाखाली यायला हवी, हा माझा हट्ट. सगळ्यांनी लाइफ जॅकेटं चढवली. सातारकर पुढं जाऊन बसला. सांगलीकर भाचीनं मात्र आईचा हात सोडला नाही. तिचं चुकत नव्हतं. २०१९ च्या महापुरात ती जेमतेम चार वर्षांची होती. सांगलीत पावसाळ्यात मुलंसुद्धा आयर्विन पुलाची पातळी पाठ म्हणतात: चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत चढलं होतं. तिच्या लेखी पाणी म्हणजे जिन्याची एकेक पायरी खाऊन वर येणारी गोष्ट.

"काका, इथं धोक्याची पातळी किती?" तिनं होडीवाल्याला विचारलं.

तो हसला. "हंय पातळी नाय गो बाय. हंय भरती आणि सुकती. येता तसा जाता."

दिवसातून दोनदा चढून दोनदा उतरणारं पाणी तिनं कधी ऐकलं नव्हतं. होडी किल्ल्याला लागेपर्यंत ती गप्प होती. मग तिनं हात सोडला.

महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गोमुखी बांधणीमुळे तो तटाच्या वळणात लपतो. मुलांनी तो शोधून काढण्याची पैज लावली आणि तिघंही हरली. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. त्याआधीची पूजा किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी झाली, असं मालवणात सांगतात. बांधकाम तीनेक वर्षं चाललं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, हे ऐकून सातारकर तटाला कान लावून उभा राहिला. का, ते त्यालाच ठाऊक. तट सुमारे तीन किलोमीटर लांब आहे, वळणावळणाचा. त्यावरून एक फेरी झाली आणि "चढायचं कुठं" हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. मुलांनी आपापला पंजा हवेत धरून मोजून पाहिला. पण तिघंही खिळली ती विहिरींवर. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी नावं, आणि चहूकडं खारा समुद्र असताना आत गोडं पाणी! बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली त्याच्यावर तरंगत राहतं. उपसा बेतानं केला तर गोडं मिळतं. हे मी समजावून सांगत होते, तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, "मामी, म्हणजे आपल्या कृष्णेचं पाणी इथं येतं?"

येत नाही. आणि यातली गंमत मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त वाटली. महाबळेश्वराहून अरबी समुद्र सरळ रेषेत पासष्ट किलोमीटरच्या आसपास. पण कृष्णा त्याच्याकडं पाठ फिरवते आणि साताऱ्यावरून, कराडवरून, सांगलीवरून चौदाशे किलोमीटरचा वळसा घेऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. "येडीच आहे," भाचा म्हणाला.

तटातल्या लहान दारातून बाहेर पडलं की चिमूटभर किनारा लागतो, राणीची वेळा. ताराबाई राणीसाहेब इथं समुद्रस्नानाला येत, असं सांगतात. मुलांनी तिथं शंख गोळा केले, सातारकराची टोपी वाऱ्यानं समुद्राला दिली, आणि होडीवाल्याची शिट्टी आली. फिरायला तासाभराचीच मुदत होती. मुलं बरोबर असली की एक तास म्हणजे काहीच नाही. निदान दुप्पट वेळ आधीच ठरवून घ्यावा. डिसेंबरातसुद्धा अकरानंतर तटावर सावली नसते. भाचीचं नाक सोललं, आणि संध्याकाळी सोलकढीचे दोन पेले रिचवूनच ती शांत झाली.

परतल्यावर पहिल्या रविवारी सातारकराला संगम माहुलीला नेलं. घरापासून पाचेक किलोमीटरवर, कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ ताराबाईंची समाधी आहे. १७६१ मध्ये त्या साताऱ्यात वारल्या. समुद्राकाठची राणी नदीकाठी कशी, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं खिशातला राणीच्या वेळेवरचा एक शंख पाण्यात टाकला आणि सांगलीला फोन लावला: "ताई, पुलावर लक्ष ठेव. तुझ्याकडं येतोय."

ज्यांना जायचंय त्यांनी पावसाळा सोडून बेत आखावा. त्या दिवसांत किल्ल्याच्या होड्या बंद असतात.