यानाकातली अंघोळ

टोकियोतलं हॉटेल बुक करताना एक ओळ मी नीट वाचलीच नव्हती. खोलीत बाथरूम नव्हतं. चेक-इनला हातात किल्ली आली, गल्ल्यांचा नकाशा आला आणि सोबत सार्वजनिक स्नानगृहाचं एक तिकीट.

हे यानाका, टोकियोच्या जुन्या 'शितामाची'चा, म्हणजे कष्टकरी-कारागिरांच्या खालच्या गावाचा एक तुकडा. १९२३चा भूकंप आणि १९४५ची बॉम्बफेक या दोन्हींतून यानाकाचा बराच भाग वाचला. असाकुसाचं सेन्सो-जी मंदिर जरूर बघा, पण त्याचा मुख्य मंडप युद्धात जळला होता आणि आज दिसतो तो १९५८चा, काँक्रीटचा. यानाकात मात्र खऱ्या जुन्या लाकडी घरांबाहेर कुंड्या आणि सायकली दिसतात.

मी उतरले होते त्या 'हानारे'ची कल्पनाच अशी की अख्खी वस्ती म्हणजे हॉटेल. झोपायला जुनं लाकडी घर. रिसेप्शन आणि नाश्ता 'हागिसो'त, म्हणजे १९५५च्या एका लाकडी इमारतीत. ती पाडायचं ठरलं होतं, पण २०१३मध्ये तिथे कॅफे आणि गॅलरी सुरू झाली. आणि अंघोळ गावात, सेंतोमध्ये.

सेंतोत बायका-पुरुषांची सोय वेगळी असते, पण आत कपडे अजिबात चालत नाहीत. माझ्या पोटावर ऑपरेशनचा लांब व्रण आहे. तीन वर्षांत तो मी आईलाही धड बघू दिला नव्हता.

संध्याकाळभर मी टाळाटाळ केली. युयाके दानदानच्या पायऱ्यांवर बसून सूर्यास्त बघितला. खाली यानाका गिन्झा बाजारात गरमागरम मेंची-कात्सू खाल्लं. (खिम्याचं असतं, शाकाहारींनी जपून. साध्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो.) मग दुकानं मिटायला लागली आणि माझी कारणंही संपली.

आत गेले. छोट्या स्टुलावर बसून आधी साबणाने स्वच्छ व्हायचं आणि मगच हौदात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. मी तो पोटाशी धरून उभी होते. हौदातल्या एका आजींनी माझ्याकडे बघितलं, मग बोटाने एक कोपरा दाखवला. इकडे ये, इथे पाणी कमी गरम आहे. त्या जरा सरकल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवरचे दोन उभे व्रण दिसले. त्यांनी माझा बघितला की नाही, कोण जाणे. मी टॉवेल डोक्यावर ठेवला आणि उतरले.

सकाळी कायाबा कॉफीत एग सँडविच खाल्लं. मग काशिवायु या जुन्या स्नानगृहात गेले. तिथे १९९३पासून आर्ट गॅलरी आहे. छान आहे, बघाच. पण मला मात्र आधी आठवलं ते कालचं गरम पाणी.

हॉटेलचं तिकीट एकदाच मिळतं. त्या संध्याकाळी दुसरं मी माझ्या पैशांनी काढलं.