सलवार-कमीजची बेतणी

चि. सुमेधास,


सलवार-कमीज हा पंजाब, सिंध, बलुचिस्तान आणि अफगाणिस्तान या पट्ट्यातल्या स्त्रियांचा तसाच पुरुषांचाही पोशाख. विजार आणि लांब अंगरखा ही जोडी मुळात घोड्यावर बसणाऱ्यांची. मथुरेजवळ माट इथे सापडलेल्या कुषाण सम्राट कनिष्काच्या शिरविहीन पुतळ्यावर अंगरखा, लांब झगा आणि जाड बूट दिसतात. पुढे गुप्त राजांच्या नाण्यांवरही कुषाण धाटणीचे शिवलेले कपडे आले.

या पोशाखाचे खरे कौतुक त्याच्या बेतण्यात आहे. जुन्या पद्धतीच्या कमीजला खांद्यावर शिवण नसते. पुढची-मागची बाजू एकाच सरळ पट्टीची, तिच्या दोन्ही अंगांना तिरक्या कळ्या, बाह्या सरळ आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा. त्या तुकड्यामुळे हात वर केला तरी कमीज ओढली जात नाही. मागाचा पन्हा अरुंद असे, आणि अशा बेतण्यात कापड जवळजवळ वाया जात नसे. कमरेखाली दोन्ही बाजू उघड्या ठेवल्याने मांडी घालून बसता येते, टांग टाकता येते.

सलवारीचा घेर कमरेच्या मापाहून कितीतरी मोठा असतो. तो नेफ्यातल्या नाडीने आवळायचा. दोन्ही पाय जिथे जुळतात तिथे वेगळा तुकडा जोडतात, म्हणून ती उकिडवे बसल्यावरही उसवत नाही. खाली पाय निमुळते होत जातात आणि घोट्याशी बकरम घालून शिलाईच्या रांगा मारतात. पतियाळा सलवारीत चुण्या कमरेखालच्या रुंद पट्ट्याला जोडलेल्या असतात. बलुची सलवारीचा घेर तर थक्क करणारा. चुडीदारचे तंत्र मात्र अगदी निराळे. कापड उरेब कापल्याने ते ताणले जाते, पोटरीला बिलगते, आणि पायापेक्षा जास्त ठेवलेली लांबी घोट्याशी वळ्या होऊन साचते.

पाकिस्तानात पुरुषांच्या कमीजला शर्टासारखी कॉलर आणि कफ आले. झिया-उल-हक यांच्या राजवटीत (१९७७–८८) सरकारी कचेऱ्यांतही या पोशाखाला उत्तेजन मिळाले. भारतात मात्र शहरी पुरुषांनी शर्ट-पँट घेतली आणि सलवार-कमीज मुख्यतः स्त्रियांकडे राहिली. महाराष्ट्रात ती पंजाबी ड्रेस म्हणून आधी कॉलेजच्या मुलींनी घातली, मग नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांनी. लोकलच्या गर्दीत चढता-उतरताना तिची सोय साडीपेक्षा उघडच जास्त.

तयार कपड्यांच्या बाजारात आता गोल मोंढा, अंगासरशी शिवण आणि खाली लेगिंग किंवा पलाझो चालतो. गोल कापणीमुळे चिंध्या पडतात. कमरेला इलॅस्टिक आले, तेही काही काळाने सैल पडते. नाडीची सलवार बाईचे अंग भरले किंवा उतरले तरी तशीच वापरता येई, गरोदरपणातही.

तुझी,
आत्या