आधी विचारू नका, उघडा

डोंबिवलीत शनिवार-रविवारच्या बॅचला येणारी बरीच मुलं टर्बो सी आणि यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ करून आलेली असतात. टर्बो सीखालचं डॉस म्हणजे मोकळं रान. फाइल असली की वाचता येणारच, फार तर तिच्यावर ‘रीड-ओन्ली’चा शिक्का. मालक कोण, ग्रुप कुठला, ही भानगडच नाही. मग लिनक्सवर आल्यावर प्रश्न येतो : सर, फाइल आहे का, ती आपल्याला उघडता येईल का, हे आधी कसं बघायचं?

त्यासाठी अ‍ॅक्सेस हे फंक्शन आहे. एफ_ओके दिलं तर फाइल आहे का ते कळतं, आर_ओके दिलं तर वाचायची परवानगी. शून्य म्हणजे होकार, उणे एक म्हणजे नकार. (इथे निम्मी मुलं इफ उलटा लिहितात, ते सोडा.) खरी गोम त्या उणे एकमध्ये आहे. एर्नोत ईनोएंट असेल तर त्या नावाचं तिथे काही नाही. पण ईअ‍ॅक्सेस एफ_ओकेला आलं असेल तर वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीचा एक्स-बिट तुम्हाला नाही. आत फाइल असेलही, नसेलही, कर्नल सांगणार नाही. मुलं दोन्हीला ‘फाइल सापडली नाही’ छापून मोकळी होतात, आणि युजर बिचारा फाइल शोधत बसतो.

होकाराचंही तेच. कल्याणला इंडिकेटर बघून जिना उतरेपर्यंत लोकल दुसऱ्या प्लॅटफॉर्मला लागलेली असते. अ‍ॅक्सेस आणि ओपन यांच्या मधल्या फटीत कुणीही ती फाइल काढून तिथे सिमलिंक ठेवू शकतो. सेटयूआयडी प्रोग्रॅम रूटच्या हक्काने चालत असेल तर ती लिंक थेट पासवर्डच्या फाइलकडे वळवता येते. मॅन पेजवरच तसा इशारा आहे.

म्हणून सरळ उघडा. नाही उघडली तर पीएरर छापा. जुनी फाइल पुसली जाऊ नये असं वाटत असेल तर ओ_क्रिएट आणि ओ_एक्सक्ल एकत्र द्या : तपासणं आणि बनवणं कर्नल एकाच दमात करतो. सी ११पासून एफओपनलाही त्यासाठी ‘डब्ल्यूएक्स’ मोड आहे. साइझ, मालक हवा असेल तर उघडल्यावर एफस्टॅट.

अ‍ॅक्सेस मी एकाच कामाला ठेवलाय. ठाण्याच्या ऑफिसात रात्रभराचा जॉब लावताना आउटपुट डिरेक्टरीत लिहिता येतंय का, एवढं सुरुवातीला बघून घेतो. पुढे एफओपनचा निकाल तपासतोच.

आणि हे सगळं करून बघताना सुडो नको. रूटला कर्नल सहसा अडवत नाही. सगळे बिट काढलेली फाइलही उघडते, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, परवानगी काढली तरी चालतंय!’