भागीचे घोडे आणि विजेची मोटार



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, ‘भागीचे घोडे किवणाने मेले.’ चौघांनी मिळून घोडे घेतले. बसायला चौघेही पुढे. घोड्याच्या पाठीला जखम झाली, तेव्हा मात्र प्रत्येकाला वाटले, औषध दुसरा लावील. जखम चिघळली, किडे पडले आणि घोडे गेले. दुसरी म्हण तिचीच बहीण, ‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती.’ शेतीखात्याच्या नोकरीत जवळजवळ तीस वर्षे गावोगाव हिंडताना या दोन म्हणी मी असंख्य वेळा ऐकल्या आहेत. ‘गट करा’ असे म्हणायचा अवकाश, पारावरचा एखादा म्हातारा यांतली एक म्हण पुढे करतोच.

आज मी याच म्हणीविषयी लिहिणार आहे. पण प्रश्न बैलाचा किंवा विहिरीचा नाही, मोटारीचा आहे. दहा घरांत मिळून एक मोटार, तीही विजेवर चालणारी, सहकारी तत्त्वावर ठेवता येईल काय?

शेतकऱ्याच्या घरी येणाऱ्या साप्ताहिकात मोटारीचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. माझी नोकरी रायगड जिल्ह्यातल्या भातशेतीत आणि बिऱ्हाड नवी मुंबईत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले. त्यांच्यामागून सातारा, पाटण, जावळी, जुन्नरकडची माथाडी मंडळी घणसोली, कोपरखैरण्यात स्थिरावली. तुमच्यापैकी कितीतरी घरांतला एखादा भाऊ, मुलगा किंवा जावई इकडे आहे. त्याच्या मोटारीचा हप्ता त्याच्या पगारातून जातो असे तुम्हाला वाटते. पण पुष्कळदा त्याची मुळे तुमच्याच बांधापर्यंत पोचलेली असतात.

आमच्या इमारतीतल्या एका माथाडी कामगाराचेच पाहा. गाव पाटण तालुक्यात, थोरला मुलगा लग्नाचा. वडील दवाखान्याच्या निमित्ताने इकडे आले होते. संध्याकाळी खाली बाकावर बसले असताना ते मला म्हणाले, “साहेब, गाडीबिगर पोराचं लगीन जुळंना. रस्त्याकडंचं दहा गुंठं इकलं तर काय बिघडलं?”

मी म्हटले, “काका, बैल घेताना तुम्ही दात बघता, चाल बघता आणि घरात वैरण किती आहे तेही बघता. गाडीची वैरण बघितली का?”

“तिला कसली आली वैरण? तेल घातलं की चालती.”

या एका वाक्यात सगळे दुखणे आहे. कृषी महाविद्यालयात आम्हाला शेतीचा जमाखर्च शिकवताना स्थिर खर्च आणि चालू खर्च असे दोन भाग करायला शिकवले होते. बैल औताला जुंपला नाही तरी वैरण खातोच, तो स्थिर खर्च. मोटारीचेही तसेच. कर्जाचा हप्ता, विमा, घसारा, गाडी उभी करण्याच्या जागेचे पैसे हे सारे ती जागची न हलता खाते. रोज तासभर चालणारी गाडी उरलेले तेवीस तास उभी असते. हिशेबासाठी धरू की हा उभा खर्च वर्षाला १ लाख २० हजार रुपये येतो. एका घराची गाडी वर्षात ४ हजार किलोमीटर चालली, तर तेल किंवा वीज घालण्याआधीच किलोमीटरला ३० रुपये पडले. तीच गाडी दहा घरांनी वापरली आणि ती २० हजार किलोमीटर चालली, तर हा खर्च ६ रुपयांवर येतो आणि एका घराच्या वाट्याला महिन्याला हजार रुपये येतात. आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदला, हिशेबाची रीत हीच ठेवा.

आता विजेचे पाहू. लहान विजेची गाडी एका युनिटात साधारण सात-आठ किलोमीटर जाते. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आत काम होते. पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडल्यावर हेच अंतर पाच-सहा रुपयांचे झाले. घरच्या १५ अँपियरच्या प्लगवर रात्रभरात अशी गाडी भरते आणि दीडशे-दोनशे किलोमीटर चालते. घाट चढायचा असेल तर कमी. धूर नाही, आवाज नाही. मात्र विजेची गाडी म्हणजे पर्यावरणाला काहीच त्रास नाही, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका. आपल्याकडची बरीचशी वीज अजून चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच होते. खरी बचत दहा गाड्यांच्या जागी एक गाडी येण्यात आहे. लोखंड, बॅटरी आणि उभी करायची जागा, तिन्ही वाचतात. आमच्या वसाहतीत संध्याकाळी मुलांना चेंडू टाकायला जागा उरलेली नाही, इतक्या गाड्या उभ्या असतात.

हा विचार जगात नवा नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात १९४८ साली काही लोकांनी सामाईक मोटारींची सहकारी संस्था काढली, कारण एकेकट्याला मोटार परवडत नव्हती. १९८७ साली त्याच देशात आणखी दोन संस्था निघाल्या, १९९७ मध्ये त्या एक झाल्या, आणि आज त्या संस्थेच्या गाड्या हजारांच्या घरात आहेत. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम येथे १९७४ साली लूद शिमेलपेनिंक या गृहस्थांनी चक्क विजेच्या छोट्या पांढऱ्या गाड्या सहकारी पद्धतीने रस्त्यावर आणल्या. ठरवलेल्या जागांपैकी थोड्याच जागा उभ्या राहिल्या. सगळे एकाच बाजूला गेले की गाड्या तिकडेच साचत. १९८६ मध्ये ती योजना बंद पडली. आमच्या नवी मुंबईत महानगरपालिकेने एका कंपनीबरोबर २०१८ साली सामाईक सायकली आणल्या. त्यावरून लोकांना ‘घ्या, चालवा, ठेवा’ ही सवय लागली. पण ती सायकल कंपनीची, आपली नव्हे. दिल्लीकडे २०२५ मध्ये टॅक्सीचालकांची बहुराज्य सहकारी संस्था नोंदली गेली, तिच्यात चालकच भागधारक सभासद आहेत.

मालकी कोणाची, हा प्रश्न किती मोठा आहे, ते आमच्या शेजारच्या माथेरानला कळते. तिथे मोटारींना बंदी आहे, आणि माणसांनी ओढायच्या हातरिक्षा वर्षानुवर्षे चालत आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. त्या रिक्षा ठेकेदाराच्या की ओढणाऱ्यांच्या, यावर वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. वाहन स्वच्छ झाले म्हणजे न्याय झाला असे नाही. चाक कोणाच्या नावावर फिरते, तेही पाहावे लागते.

आता आमच्या इमारतीची गोष्ट. आम्ही दहा घरे गच्चीवर जमलो. कोणी म्हणाले, लगेच वर्गणी काढू. मी म्हटले, नवे बियाणे आपण आधी एका वाफ्यात करून पाहतो, तसेच करू. तीन महिने गाडी घ्यायची नाही, फक्त वही ठेवायची. ज्याला ज्या दिवशी, ज्या वेळी गाडी लागली असती, त्याने त्यात लिहायचे. वहीने पुष्कळ काही शिकवले. सोमवार ते शुक्रवार पाने जवळजवळ कोरी, कारण कामावर जायला लोकल आणि बस आहेत. गर्दी रविवारी आणि लग्नतिथीला. अडीअडचणीचे रात्री-अपरात्रीचे दवाखाने थोडे, पण तेच सर्वांत महत्त्वाचे.

ती वही पाहताना माझ्या मनात आपला गावचा ट्रॅक्टर आला. अवजारे बँकेत भांडण कधी होते? वाफसा आला की. पाऊस उघडतो, जमीन दोन-तीन दिवसच योग्य असते, आणि त्याच दोन दिवसांत सगळ्या गटाला पेरायचे असते. म्हणून सामाईक ट्रॅक्टर राखणे कठीण. मोटारीला असा वाफसा नाही. एकाचा दवाखाना मंगळवारी, दुसऱ्याचे साखरपुड्याचे काम गुरुवारी. मोटारीचा वाफसा वर्षातून दोनदा, गणपती आणि शिमगा! तेव्हा सगळ्यांना गावी जायचे असते. त्यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला एकदा मिळाली त्याने पुढच्या वेळी थांबायचे, असे ठरले. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात एकेक बैल असलेली दोन घरे सावड करून औत चालवीत, इर्जिकीला अख्खे गाव लोटे. ते टिकले, कारण आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात, हा क्रम आधी ठरलेला असे. घोडे मेले ते भागीमुळे नव्हे. औषधाची पाळी कोणाची, हे लिहून ठेवले नव्हते म्हणून.

म्हणून आमच्या नियमांत पहिला हक्क आजाऱ्याचा. गाडी परत आणणाऱ्याने ती प्लगला लावल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. ओरखडा पडला तर दंड नाही, ओरखडा लपवला तर दंड. एका माणसाकडे महिनाभर देखरेख आणि त्याला थोडे मानधन, कारण फुकटचे काम दोन महिन्यांत कोणाचेच राहत नाही. दर महिन्याच्या वर्गणीतला काही भाग घसारा निधीत. बॅटरीला बऱ्याच कंपन्या आठ वर्षांची हमी देतात, पण नववे वर्षही येणारच असते. भगिनींच्या नावानेही सभासदत्व असावे आणि त्यांनी गाडी शिकावी, हा ठराव घरच्या मंडळींनी मांडला आणि बिनविरोध मंजूर झाला.

आता सर्वांत जपून चालायची जागा, कायदा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. भाग कितीही घेतले तरी मत एकच. दरवर्षी हिशेब तपासणी आणि सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा. इथवर वाट सरळ आहे. पण खासगी नोंदणीची गाडी मोबदला घेऊन दुसऱ्याला चालवायला देणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. विजेच्या खासगी गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात, भाड्याच्या गाडीच्या पाटीवर पिवळी. फरक अक्षरांच्या रंगापुरता नाही. खासगी विम्याची गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि नुकसानभरपाई अंगावर येते. दहा गुंठे वाचवायला गेलेला माणूस दोन एकर घालवून बसेल. भाड्याने गाड्या देणाऱ्यांसाठी १९८९ ची सरकारी योजना आहे, पण तिच्यात किमान ५० गाड्या लागतात. दहा घरांच्या एका गाडीचा विचार ती करताना झालेला नाही. म्हणून आम्ही उपनिबंधक, परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या तिघांना एकच प्रश्न लेखी विचारला आहे: संस्थेच्या नावावरची गाडी सभासदांनी खर्च वाटून वापरली, तर तिची नोंदणी आणि विमा कोणत्या प्रकारचा हवा? तिन्ही लेखी उत्तरे हाती आल्याशिवाय गाडी घ्यायची नाही, हा आमचा ठराव आहे. तोंडी ‘चालतंय हो’ यावर कोणी जाऊ नये.

पाटणच्या काकांना मी वही दाखवली. ते बराच वेळ पाने चाळत होते. मग म्हणाले, “म्हंजे पोरगा अकरावा घर झाला तर जमीन ऱ्हाती.” मुलाला मात्र ते अजून पुरते पटलेले नाही. सामाईक गाडी दारात उभी असली तर सोयरे काय म्हणतील, ही त्याची शंका आहे, आणि ती खोटी नाही. याला उत्तर कायद्यात सापडत नाही. ते मुली देणाऱ्या बापांनी द्यायचे आहे, म्हणजे तुम्ही-आम्हीच. जावयाच्या दारातली गाडी पाहण्याआधी तिच्यावरचे कर्ज विचारा. सातबाऱ्यावर बोजा नसलेले घर हे गाडीवाल्या घरापेक्षा लेकीला जास्त सुखाचे असते.

तुमच्या गावीही असा विचार करता येईल. तालुक्याच्या दवाखान्याला जायला वाडीवर एक वाहन असावे, असे वाटत असेल तर आधी वही घाला. तीन महिने लिहा. भांडणाचे दिवस कोणते, ते आधीच कळू द्या. नियम पैशांच्या आधी लिहा आणि परवानगी गाडीच्या आधी घ्या. एवढे जमले तर पारावरच्या त्या म्हाताऱ्याला तुम्ही सांगू शकाल, आबा, आमच्या घोड्याच्या औषधाची पाळी भिंतीवर लिहिलेली आहे.